अंगठ्याची कळ, सुई आणि गिधाडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त आमच्या भाच्याचं. वय चाळीसच्या आसपास, पुण्यात संगणकाची नोकरी, आणि परवा एका रात्रीत उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल होऊन सुजला. तपासणीत गाऊट निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत चालायला लागला, आणि मग त्याचा मला फोन आला. "मामा, गाऊटला मराठीत काय म्हणतात हो? आणि हे इंजेक्शन शोधलं कुणी?"

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पण 'कुणी शोधलं' हा प्रश्न इतिहासाचाच असल्याने तो टाळता येईना. त्यातून हा आजार आमच्या घराण्यात आहे. वडिलांना होता, मला आहे, आता भाच्याकडे गेला. (जमीन वाटून संपली, हा मात्र वाटून संपत नाही!) तेव्हा वाचत गेलो, टिपणं काढत गेलो, आणि शेवटी जिथे जाऊन पोहोचलो ती जागा मला अजिबात अपेक्षित नव्हती.

आधी नाव. आपल्याकडे सांधे दुखले की सरसकट 'संधिवात' म्हणायची पद्धत आहे, पण गाऊट हा त्यातला एक वेगळाच प्रकार. आयुर्वेदात त्याच्याशी सगळ्यात जवळचं वर्णन 'वातरक्ता'चं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय त्यावरच आहे. तिथे त्याचं एक नाव आहे आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. खाऊनपिऊन सुखी, अंगाला हालचाल नाही, अशांचा रोग. गंमत बघा, तिकडे युरोपातही शतकानुशतकं हा राजेरजवाड्यांचाच रोग समजला गेला. दोन्हीकडच्या वैद्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. पण ती पूर्ण खरी नव्हे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गॅरड नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्याकडे येणाऱ्या गाऊटच्या रोग्यांत शिशाचं काम करणारे नळकाम कारागीर आणि रंगारीही बरेच आहेत. शिसं मूत्रपिंड बिघडवतं. म्हणजे मेजवान्या झोडणाऱ्याला जो रोग तोच पोटासाठी राबणाऱ्यालाही, फक्त चित्रं काढली गेली ती जाड्या सरदारांची.

ग्रीक लोक याला 'पोडाग्रा' म्हणत, म्हणजे पाय पकडणारा सापळा. 'गाऊट' शब्द आला लॅटिनमधल्या थेंबासाठीच्या शब्दावरून. शरीरातला कुठला तरी दूषित रस थेंब थेंब सांध्यात ठिबकतो, अशी समजूत होती. समजूत चुकीची, पण अगदीच टाकाऊ नाही, ते पुढे येईलच.

या दुखण्याचं सगळ्यात नेमकं वर्णन केलं ते १६८३ साली लंडनच्या थॉमस सिडनहॅम यांनी. ते स्वतः डॉक्टर आणि स्वतःच रोगी, त्यामुळे लिहिण्यात ऐकीव काही नाही. माणूस रात्री चांगला धडधाकट झोपतो, पहाटे दोनच्या सुमाराला अंगठ्याच्या कळेने जागा होतो, थोडी थंडी वाजते, कळ वाढत वाढत जाते, आणि मग पांघरुणाचं ओझंही सहन होत नाही, खोलीत कुणी चाललं तरी त्या हादऱ्याने जीव जातो. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माणदेशातल्या आमच्या घरात गाऊट उसळला की शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडीवर पडून असायचे आणि आम्हा पोरांना सोप्यात चालायची बंदी व्हायची. आईदेखील भिंतीच्या कडेकडेने जायची. पाण्याचा हंडा जोरात टेकवला तरी आतून आरडा व्हायचा. तीनशे वर्षांचं अंतर आणि समुद्रापलीकडचा देश, पण हादऱ्याची भीती तीच.

सिडनहॅमांकडे उपाय काय होता? वेदनेसाठी अफूचा अर्क, बाकी पथ्य आणि धीर.

खरं तर उपाय त्यांच्या आधी हजार वर्षं माहीत होता. कोल्चिकम नावाच्या फुलझाडाचा कंद. सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर नावाचा वैद्य सांधेदुखीवर तो वापरत होता. युनानी वैद्यकात तोच 'सुरंजान', आणि काश्मिरात त्याची एक जात उगवते. पण कंद विषारी. जुलाबांनी माणूस गळून जाई, क्वचित प्राणही जात. म्हणून युरोपातल्या वैद्यांनी तो बाजूला टाकला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हुसों नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने 'औषधी पाणी' म्हणून एक गुप्त औषध विकायला काढलं, ते गाऊटवर जादूसारखं चाललं, आणि बऱ्याच वर्षांनी इंग्लंडात उलगडा झाला की त्या जादूत कोल्चिकमच होतं. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातलं विष वेगळं काढलं. तेच कोल्चिसिन. आज दोनशे वर्षांनीही डॉक्टर गाऊटला पहिल्यांदा जी दोनतीन औषधं देतात त्यात ते आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण मराठीच्या मास्तराला राहवणार नाही. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात कुंपणावर चढलेली कळलावी तुम्ही पाहिली असेल. अग्निशिखा म्हणतात तीच, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. तमिळनाडूत औषध कंपन्यांसाठी तिची शेती होते. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत, त्यावरून हे नाव पडलं, आणि पुढे भांडणं लावणाऱ्या माणसालाही आपण कळलाव्या म्हणू लागलो. आता जिचं नावच कळ लावणारी, तिच्यातच अंगठ्याची कळ घालवणारं औषध निघावं! (कुणी घरी प्रयोग करू नका. कंद खाऊन माणसं दगावतात.)

आता सुईकडे. पोकळ सुईने त्वचेखाली औषध घालण्याची कल्पना मुळात वेदनेवरचीच. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये आणि एडिनबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी १८५३ च्या सुमारास मज्जातंतूंच्या दुखण्यावर मॉर्फिनसारखी औषधं अशी टोचली. वुड यांची समजूत अशी की जिथे दुखतं तिथेच टोचलं पाहिजे. ती समजूत मॉर्फिनच्या बाबतीत खरी नव्हती. ते रक्तात मिसळून सगळ्या अंगभर जातं. पण आपल्या लोकांच्या मनात ती अजून पक्की आहे. कंबर दुखली तर कंबरेत, गुडघा दुखला तर गुडघ्यात सुई पाहिजे. दंडात टोचलं तर "डॉक्टरांनी वरवरचं केलं" म्हणतात.

सुईबद्दलचा आपला भक्तिभाव हा एक स्वतंत्र विषय आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या गावात आठवड्यातून दोनदा डॉक्टर येत. स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज आणि सुया उकळायला ठेवलेल्या असत. गोळ्या दिल्या की म्हातारी माणसं नाराज होत. "सुई न्हाई मारली, मग पैसं कशाचं?" असा सरळ सवाल. डॉक्टर बिचारे काय करतील. आज सुया एकदा वापरून टाकायच्या झाल्या, पण तो सवाल तसाच आहे.

पण गाऊटसाठी सुईत भरायचं काय, हा प्रश्न शंभर वर्षं पडून होता. मॉर्फिन दुखणं झाकतं, सूज तशीच. सुजेवर काम करणारं औषध हाती यायला १९४८ साल उजाडावं लागलं.

ती गोष्ट अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकची. तिथले डॉक्टर फिलिप हेंच यांनी फार वर्षांपूर्वी एक विचित्र गोष्ट टिपून ठेवली होती. आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली, की सांधे आपोआप सुधारतात. म्हणजे शरीरातच काहीतरी तयार होतं जे सूज उतरवतं. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींमधून रसायनं वेगळी करत होते. त्यातलं 'ई' नावाचं रसायन २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं. काही दिवसांत ती उठली, चालू लागली, आणि आठवडाभरात गावात खरेदीला जाऊन आली. त्या रसायनाचं नाव पुढे कॉर्टिझोन पडलं. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. इतक्या लवकर नोबेल मिळणं हेच सांगतं की लोक किती थक्क झाले होते.

ती बाई गाऊटची नव्हे, आमवाताची. पण सूज ती सूज, म्हणून गाऊटवरही लगेच प्रयोग झाले. कॉर्टिझोनबरोबरच एसीटीएच नावाचं एक संप्रेरक टोचून पाहिलं. ते डुकरांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढत, आणि पुरवठा करणारी शिकागोची आर्मर ही मुळात मांसाची कंपनी होती. कळ काही तासांत थांबे. पण औषध बंद केलं की पुष्कळांची कळ उलटून येई. आणि कॉर्टिझोन फार दिवस दिलं की तोंड सुजून गोल होई, हाडं ठिसूळ होत, काहींची मनंही बिघडत. चमत्काराचं बिल नंतर येतं, हे तेव्हाच्या डॉक्टरांना दोनतीन वर्षांत कळून चुकलं.

त्यावर तोड काढली फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी. १९५१ मध्ये त्यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सुजलेल्या सांध्यातच टोचलं. औषध थोडं, जागच्या जागी, बाकी शरीराला त्रास कमी. म्हणजे एडिनबरोच्या वुडसाहेबांची समजूत निदान इथे तरी खरी ठरली म्हणायची. एकच सांधा धरला असेल तर आजही हा उत्तम उपाय मानतात, फक्त आधी सांध्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी लागते. माझा डावा गुडघा धरला होता तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी सुईने आतलं पाणी काढलं आणि मग त्याच सुईतून औषध सोडलं. पाणी निघतानाच निम्मा ताण गेला. संध्याकाळी मी मांडी घालून नव्हे, पण खुर्चीत बसून जेवलो.

आणि त्या काढलेल्या पाण्यातच या रोगाचं गुपित होतं. हॉलंडर यांच्या हाताखाली शिकलेले डॅनियल मॅकार्टी यांनी, हॉलंडर यांच्याबरोबरच, १९६१ मध्ये असं पाणी विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्यात सुयांसारखे बारीक स्फटिक दिसले. युरिक आम्लाच्या मिठाचे. गाऊटमध्ये रक्तात युरिक आम्ल वाढतं हे गॅरड यांनी १८४८ मध्येच दाखवलं होतं, पण कळ त्यानेच येते याला पुरावा नव्हता. पुरावा कसा मिळवायचा? मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी असे स्फटिक चक्क स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले! काही तासांत दोघेही कळेने बेजार. १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा प्रयोग छापून आला. मी इतक्या वर्षांत मुलांना शूरवीरांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, या दोघांची सांगायची राहिली. ज्याला गाऊट होऊन गेलाय त्याला विचारा, तो मुद्दाम स्वतःला गाऊट टोचून घेईल का!

म्हणजे 'थेंब ठिबकतो' म्हणणारे जुने लोक अगदीच वावगे नव्हते. ठिबकत नाही, गोठतं, एवढंच. आणि बाहेरून सुई टोचण्याआधी आत शेकडो सुया टोचलेल्या असतात.

भाच्याचा दुसरा प्रश्न होता की एका इंजेक्शनने बरं वाटलं, मग डॉक्टर रोजची गोळी कशाला सांगतात. उत्तर याच स्फटिकांत आहे. इंजेक्शन सूज विझवतं, स्फटिक जागच्या जागी राहतात आणि पुढच्या लग्नाची वाट बघतात. ते विरघळवायचे तर रक्तातलं युरिक आम्लच कमी ठेवावं लागतं. त्यासाठीचं ॲलोप्युरिनॉल जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलं, १९६६ पासून अमेरिकेत ते गाऊटवर मिळू लागलं, आणि १९८८ मध्ये दोघांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. कोणती गोळी, कधी सुरू करायची, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण कळ गेली म्हणजे रोग गेला असं धरून चालू नये, एवढं मी त्याला खडसावून सांगितलं. मामाला तेवढा हक्क आहे.

कोल्चिसिनचंही इंजेक्शन होतं, बरं का. गोळ्यांनी जुलाब होतात म्हणून शिरेतून द्यायचं. पण उपकार आणि अपाय यांच्यात या औषधाचं अंतर फार थोडं, आणि जास्त झालं तर उतारा नाही. २००७ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत हे इंजेक्शन दिलेली तीन माणसं दगावली. तीही पाठदुखीसाठी आलेली! औषध बनवताना चूक झाली होती, कुपीवर लिहिलेल्याच्या आठपट कोल्चिसिन आत निघालं. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने ती इंजेक्शनं बंद केली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितो आहे तिकडे येतो.

अण्णांच्या वेळी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, तालुक्याचे डॉक्टर 'इरगापायरिन'चं नाव घ्यायचे. त्यातला फिनाइलब्युटाझोन हा घटक मुळात दुसरं औषध विरघळावं म्हणून घातलेला, पण लक्षात आलं की सूज तोच उतरवतो. पुढे कळलं की तो काहींच्या हाडांतला मगज निकामी करतो, रक्तच तयार होत नाही. बहुतेक देशांत माणसांसाठी तो बंद झाला, घोड्यांसाठी राहिला. त्याच्या मागोमाग १९६३ मध्ये इंडोमेथॅसिन आलं, आणि त्यानंतर स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीचं डायक्लोफिनॅक. १९७० नंतरच्या दशकात बाजारात आलेलं. सूज आणि वेदना ज्यांच्यामुळे होतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयारच होऊ द्यायची नाहीत, हे या गटाच्या औषधांचं काम. ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या बाबतीत उलगडून दाखवलं. अडचण अशी की हीच द्रव्यं जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाला रक्त पोहोचवतात. त्यामुळे इंजेक्शन घेतलं म्हणून पोट वाचतं हे खरं नाही. आणि ज्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली, ज्यांना हृदयाचा त्रास, त्यांनी यापासून लांबच राहावं. गाऊटवाल्यांत असे पुष्कळ असतात. मीही त्यातलाच, म्हणून माझ्या फाइलवर लाल शाईने तसं लिहिलेलं आहे.

तरीही डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आपल्याकडे घरोघर माहीत झालं. स्वस्त, लवकर गुण देणारं, आणि सुईतून येणारं. लोकांना आणखी काय पाहिजे? १९९० नंतर ते जनावरांच्या डॉक्टरांच्या पेटीतही आलं. लंगडणारा बैल, सड सुजलेली गाय, म्हातारपणी उठता न येणारी म्हैस. शेतकऱ्याने ते कळवळ्यानेच टोचून घेतलं. मी त्याला दोष देणार नाही. अंगठ्याच्या कळेने मी स्वतः गुरासारखा ओरडलेला माणूस आहे, गुराची कळ थांबावी असं कुणाला वाटणार नाही?

आमच्या लहानपणी गावाच्या पलीकडे ओढ्याकाठी मेलेली जनावरं टाकायची जागा होती. ती ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारलेलं होतं त्यांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते सोडलं, ते योग्यच झालं. मग ज्याचं जनावर तो बैलगाडीला बांधून नेई. पुढचं काम गिधाडं करत. सकाळी टाकलेल्या बैलाची संध्याकाळी हाडं उरत. शाळेतून आम्ही आभाळात ते गोल फिरणारे ठिपके मोजायचो. चाळीस, पन्नास. पुढे मी मास्तर झालो तेव्हा माझी मुलंही खिडकीतून मोजायची आणि मी त्यांना फळ्याकडे बघायला सांगायचो.

मग ती दिसेनाशी झाली. एका दिवसात नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात विभू प्रकाश या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात संख्या घसरताना नोंदवली. गिधाडं माना टाकून झाडावर बसत आणि खाली पडत. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरलं. रोगाची साथ, कीटकनाशकं, सगळे संशय घेऊन झाले. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला आपल्या अंत्यविधीचा प्रश्न पडला, तिथे सूर्याचे किरण एकवटणारी तबकडी बसवावी लागली.

उलगडा केला लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाबात. २००४ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापला गेला. मेलेली गिधाडं चिरून पाहिली तर त्यांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर पांढरी पूड साचलेली. युरिक आम्ल. मेलेल्या गिधाडांपैकी बहुतेकांना झालेला रोग होता आंतरिक अवयवांचा गाऊट.

हे मी वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कारण साधं आहे. पक्षी शरीरातली घाण युरिक आम्लाच्या रूपानेच बाहेर टाकतात. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर एकदोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि बाहेर न पडलेलं युरिक आम्ल आतल्या आत गोठतं. माणसाच्या गाऊटची कळ थांबवणाऱ्या औषधाने गिधाडांना गाऊटच व्हावा! आणि त्यासाठी सगळी जनावरं विषारी असायचीही गरज नव्हती. शंभरातलं एकसुद्धा लागत नाही, त्याहूनही कमी पुरलं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो.

गिधाडं गेली, कुत्री वाढली. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात वर्षाला साधारण एक लाख माणसं जास्तीची मेली, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. सडलेली जनावरं, दूषित पाणी, पिसाळलेली कुत्री. अंदाजच तो, पण आकडा निम्मा धरला तरी पोटात खड्डा पडतो.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या, तीस मिलिलिटरच्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या. एका बैलाला बरोबर पुरणारा डोस! म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही तीन मिलिलिटरपेक्षा मोठी कुपी बंद झाली. औषध कंपन्या कोर्टात गेल्या, मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी उचलून धरली. जनावरांसाठी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाली, २०२४ च्या अखेरीला निमेसुलाइड.

माणसांच्या बाजूलाही शोध थांबलेला नाही. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की युरिक आम्लाचे स्फटिक पेशींच्या आत एक विशिष्ट धोक्याची घंटा वाजवतात, आणि त्यातून इंटरल्यूकिन-वन नावाचं द्रव्य सुटून सूज पेटते. ते द्रव्यच अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन निघालं. बाकी औषधं ज्यांना चालत नाहीत अशांसाठी युरोपात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये गाऊटच्या कळेवर त्याला परवानगी मिळाली. किंमत ऐकून कळ आपोआप विसरेल अशी आहे. आपल्यासारख्यांना कोल्चिसिन, स्टेरॉइडच्या थोड्या दिवसांच्या गोळ्या, नाहीतर सांध्यात एक सुई, हेच बरं.

हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांची पैदास करतात. गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे काम फार सावकाशीचं. २०२४ मध्ये तिथली काही गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली, पिंजऱ्यात ठेवून सवय केली आणि मग अंगावर माग काढणारी यंत्रं बांधून सोडली. सगळी जगली नाहीत. जंगलात मेलेल्या चितळा-सांबरांना कुणी इंजेक्शन देत नाही, म्हणून ती जागा निवडली असावी. पण त्यांना पंख आहेत, आणि जंगलाच्या हद्दीपलीकडे लगेच गोठे सुरू होतात.